आठवड्याची 84 ताटं

महागाईचा दर घटल्याची बातमी येते आणि त्याच आठवड्यात वाणसामानाचं बिल मागच्या महिन्यापेक्षा जास्त भरतं. मग घरात प्रश्न निघतो: चुकतंय कोण, बातमी की बिल?

दोन्ही बरोबर असतात. महागाईचा दर म्हणजे भाव वाढण्याचा वेग. गाडीचा वेग कमी झाला तरी ती पुढेच जात असते, तसंच हे. एखादी वस्तू 100 ला मिळत होती. पहिल्या वर्षी ती 10 टक्क्यांनी महागली, 110 झाली. दुसऱ्या वर्षी दर निम्म्यावर, म्हणजे 5 टक्क्यांवर आला. बातमीत ही मोठी घसरण ठरते, पण वस्तू तोवर 115.50 ला जाऊन पोचलेली असते. भाव खरोखर उतरायचे तर दर शून्याच्याही खाली जावा लागतो, आणि सगळ्या वस्तूंच्या बाबतीत तसं क्वचितच होतं.

जागतिक बाजारात भाव उतरले तरी ते आपल्या पिशवीपर्यंत सावकाश येतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा खाद्यकिंमत निर्देशांक मार्च 2022 मध्ये विक्रमी उंचीवर गेला आणि नंतर बराच खाली आला. पण तो देशादेशांमधल्या व्यापारातल्या कच्च्या मालाचा भाव. पुढे दळणवळण, प्रक्रिया, वेष्टन, मजुरी, दुकानाचं भाडं हे सगळं त्यावर चढतं, आणि ते कच्च्या मालाबरोबर उतरत नाही.

एवढं कळलं की मनावरचं एक ओझं उतरतं. बिल वाढलं याचा अर्थ घरातलं कोणीतरी उधळपट्टी करतंय असा नव्हे. भाव आपल्या हातात नाहीत. मात्र हातात असलेला भाग आपल्याला वाटतो त्याहून मोठा असतो, आणि तो दुकानात कमी, संध्याकाळच्या स्वयंपाकघरात जास्त सापडतो.

पैसे नंतर, आधी ताटं

हिशेब लिहायला बसलं की आपण पैशांपासून सुरुवात करतो आणि तिथेच अडतो. आकडा मोठा दिसतो, जीव दडपतो, वही मिटते. त्याऐवजी ताटं मोजून पाहा.

घरात चार माणसं, दिवसाला तीन वेळचं खाणं, आठवड्याचे सात दिवस. झाली 84 ताटं. भाव चढोत की उतरोत, हा आकडा तोच राहतो. त्यातलं प्रत्येक ताट कुठून तरी येणार: ताज्या स्वयंपाकातून, कालच्या उरलेल्यातून, नाहीतर बाहेरून.

समजा, 84 पैकी 76 ताटं घरची आणि 8 बाहेरची. म्हणजे चौघं आठवड्यातून एकदा बाहेर जेवायला गेले आणि एकदा जेवण मागवलं. हे ऐकायला काही फार वाटत नाही. दहा ताटांमागे एकसुद्धा पुरतं भरत नाही. आता घरचं ताट 1 ला पडतं आणि बाहेरचं 5 ला, असं धरा. घरच्या ताटांचे झाले 76, बाहेरच्यांचे 40, मिळून 116. ताटं दहाव्या हिश्शाहूनही कमी, आणि पैसे मात्र तिसऱ्या हिश्शाहून जास्त.

हे पाच पट उदाहरणापुरतं. तुमच्या घरचा आकडा तुम्हालाच काढता येईल. चार आठवड्यांचा खाण्याच्या जिनसांचा खर्च घ्या आणि घरच्या ताटांनी भागा. बाहेरचा खर्च बाहेरच्या ताटांनी भागा. एकच काळजी घ्या: वाणसामानाच्या बिलात साबण, कपडे धुण्याची पावडर, दाढीचं सामान, पुसायचे कागदही असतात. ते आधी वजा करा. बरेच लोक ही वजाबाकी करत नाहीत आणि घरचं जेवण आहे त्याहून महाग समजून बसतात. पावत्या जमवणार असाल तर त्या दिवशीच आकडा उतरवून घ्या. यंत्रातून निघणारी पावती उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर छापलेली असते, तिची अक्षरं कालांतराने पुसट होतात.

या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट कळते. सवलती शोधून, चार दुकानं फिरून वाणसामानात 5 टक्के वाचवले, तर 76 मधले 3.80 वाचले. आठवड्यातलं मागवलेलं एक जेवण घरच्या चार ताटांवर आणलं, तर 20 च्या जागी 4 लागले, म्हणजे 16 वाचले. चारपटीहून जास्त. आपण जीव तोडून घासाघीस करतो ती मात्र पहिल्या बाजूला.

बाहेरचं ताट एवढं महाग का?

यात लुबाडणूक असतेच असं नाही. खाणावळीच्या किंवा उपाहारगृहाच्या दरात जिनसांचा वाटा साधारण तिसरा हिस्सा, थोडा कमी-जास्त. बाकी पगार, भाडं, वीज-इंधन, वाया जाणारा माल आणि नफा. घरी मागवलं तर डबे, पोचवणाऱ्याची मजुरी आणि मधल्या कंपनीचा हिस्सा त्यावर येतो. बाहेर आपण अन्न विकत घेतो, त्याहून जास्त दुसऱ्याचे कष्ट आणि जागा विकत घेतो. त्याचे पैसे पडणारच. प्रश्न एवढाच की ते कष्ट आपल्याला त्या दिवशी हवे होते का.

एकच पोट, दोन खाती

माणसाचं मन पैशांना वेगवेगळ्या डब्यांत ठेवतं. घरखर्चाचे पैसे वेगळे, मौजेचे वेगळे, अचानक हाती आलेले वेगळे. खिसा एकच असला तरी. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी 1980 च्या दशकात याची नीट मांडणी केली आणि त्याला 'मेंटल अकाउंटिंग' हे नाव रूढ झालं. आपण त्याला मनातली खाती म्हणू. वर्तनाच्या अर्थशास्त्रातल्या कामासाठी थेलर यांना 2017 चं नोबेल मिळालं.

जेवणाच्या बाबतीत ही मनातली खाती फार नुकसान करतात. वाणसामान 'गरज' या खात्यात जातं, बाहेरचं खाणं 'मौज' या खात्यात. गरजेच्या खात्यात आपण कडक असतो: तेलाच्या दोन बाटल्यांमधला फरक बघत दुकानात दहा मिनिटं उभे राहतो. मौजेच्या खात्यात हात सैल सोडतो, कारण 'कधीतरीच तर जातो'. पण पोटाला ही विभागणी माहीत नाही. बाहेरचं एक ताट आलं की घरचं एक ताट कमी व्हायला हवं, आणि त्या ताटाचं सामान आपण आधीच भरून ठेवलेलं असतं.

म्हणून मी दोन खाती मोडून एकच 'जेवण' खातं करावं असं म्हणते. दोन रकाने ठेवा, पण बेरीज एक. बेरीज एक झाली की दोन खर्च एकमेकांना कसे ढकलतात ते दिसायला लागतं.

दोनदा भरलेलं बिल

आमच्या फ्रिजच्या तळच्या खणातलं एक दृश्य मला विसरता येत नाही. पालेभाजीची जुडी, दोरा अजून तसाच बांधलेला. पिशवीला आतून पाण्याचे थेंब. वरची पानं हिरवी दिसली म्हणून हात घातला, तर खालची काळपट होऊन बोटांना चिकटली. ती भाजी आणली होती सोमवारी, मंगळवारी करायची म्हणून. मंगळवारी उशीर झाला, जेवण मागवलं. बुधवारी मंगळवारचं उरलेलं संपवलं. गुरुवारी ती कोणाच्या लक्षातच आली नाही.

मंगळवारच्या त्या जेवणाचं बिल आम्ही दोनदा भरलं होतं. एकदा मागवलं तेव्हा, आणि एकदा त्याआधी, सोमवारी भाजीच्या दुकानात. वहीत दुसरा आकडा 'भाजी' म्हणून जमा झाला, त्यामुळे तो नुकसान म्हणून कधी दिसलाच नाही.

हे घरोघरी चालतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 मध्ये अन्ननासाडीचा जो अहवाल काढला, त्यानुसार 2022 साली जगभरातली घरं, उपाहारगृहं आणि दुकानं मिळून 105 कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं सुमारे 60 टक्के घरांमधून. माणशी वर्षाला घरातलंच 79 किलो. त्यात सालं, हाडं अशा न खाण्याच्या गोष्टीही धरलेल्या आहेत, तरी आकडा मोठाच. आपण नासाडी म्हटलं की मेजवान्या डोळ्यांसमोर आणतो. खरा मोठा वाटा आपल्या शांत, काटकसरी स्वयंपाकघरांचा आहे.

थोडं शास्त्र माहीत असलं तर यातलं बरंच टळतं. सफरचंद, केळी, टोमॅटो पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्याच्या सहवासात पालेभाजी लवकर पिवळी पडते, म्हणून फळं आणि पालेभाजी एकत्र ठेवू नये. ओल हा पानांचा दुसरा शत्रू. जुडी सोडून, कोरडी करून, कापडात किंवा कागदात गुंडाळून ठेवली की दिवस वाढतात. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नये, 5 अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावं आणि पुन्हा खाताना आतपर्यंत वाफाळेल इतकं, निदान 70 अंशांपर्यंत गरम करावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेलं हे उद्याचं तयार ताट आहे. ते नीट सांभाळलं तर 84 मधली काही ताटं जवळपास फुकट मिळतात.

पाकिटांवरच्या तारखांचाही घोळ होतो. 'बेस्ट बिफोर' ही चवीची आणि दर्जाची तारीख: त्यानंतर वस्तू थोडी मऊ पडेल, वास कमी होईल, पण नीट ठेवलेली असेल तर ती बहुधा खाण्यायोग्य असते. 'यूज बाय' ही सुरक्षिततेची तारीख, ती उलटली की टाकून द्यायची. या दोन्ही तारखा एकच समजून कितीतरी चांगलं अन्न फेकलं जातं.

आमच्याकडे फ्रिजमध्ये डोळ्यांसमोरच्या कप्प्यात एक उघडा डबा आहे. लवकर खराब होणारं जे काही असेल ते त्यात: अर्धा कापलेला कांदा, कालची वाटीभर भाजी, तारीख जवळ आलेलं दही. स्वयंपाकाला उभं राहणाऱ्याने आधी त्या डब्यात बघायचं, मग काय करायचं ते ठरवायचं. एवढ्या एका सवयीने तळच्या खणातल्या त्या जुड्या जवळपास बंद झाल्या.

दुकानात काय होतं?

दुकानाबद्दल थोडक्यात सांगते, कारण यावर आधीच खूप बोललं जातं. पूर्वी फळीपलीकडचा माणूस आपण मागितलेली वस्तू काढून द्यायचा. गिऱ्हाइकाने स्वतः फिरून माल उचलण्याची पद्धत 1916 साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात 'पिगली विगली' या दुकानाने आणली. पुढे 1937 मध्ये ओक्लाहोमातल्या सिल्वन गोल्डमन या दुकानदाराने चाकांची ढकलगाडी आणली, कारण हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवतात हे त्याने पाहिलं होतं. टोपलीचं ओझं आपल्याला 'पुरे' म्हणायचं, ते गाडीने काढून घेतलं. म्हणून चार वस्तूंसाठी गेलात तर टोपलीच घ्या.

पाकिटाची किंमत बघू नका, किलोमागची किंवा लिटरमागची किंमत बघा. मोठं पाकीट स्वस्तच असेल असं नाही, आणि असलं तरी ते संपलं तरच स्वस्त. 20 टक्के सवलतीत घेतलेल्या वस्तूचा चौथा हिस्सा फेकला, तर खाल्लेल्या भागाचा भाव मूळ भावाच्याही वर जातो: 80 देऊन 75 चा माल पोटात गेला.

किलोमागचा भाव बघितला की आणखी एक गोष्ट पकडता येते. किंमत तीच ठेवून पाकिटातलं वजन कमी करायचं, याला 'श्रिंकफ्लेशन' म्हणतात. फ्रान्सने जुलै 2024 पासून मोठ्या दुकानांना अशा वस्तूंजवळ तशी पाटी लावणं बंधनकारक केलं. पाटी असो नसो, वजनाचा आकडा वाचायची सवय आपल्याला लावून घेता येते.

आणि पैसे देण्याची पद्धत. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खेळाच्या सामन्याच्या तिकिटांचा लिलाव केला. कार्डाने पैसे द्यायचे आहेत असं सांगितलेल्यांनी रोख देणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट बोली लावली. नोटा मोजताना हात थोडा थबकतो. कार्ड किंवा फोन त्याला थबकू देत नाही. रोखीकडे परत जा असं मी म्हणणार नाही. बाहेरच्या जेवणासाठी महिन्याच्या सुरुवातीला वेगळ्या खात्यात ठरलेली रक्कम काढून ठेवली तरी तो थबका परत मिळतो.

'पण वेळ कुठे आहे?'

हा आक्षेप सगळ्यात खरा आहे, आणि काटकसरीचे सल्ले देणारे बहुतेकजण त्याला बगल देतात. घरचं ताट 1 ला पडतं असं मी वर म्हटलं, त्यात कोणाची तरी मेहनत शून्य धरलेली आहे. बहुतेक घरांत ती एकाच माणसाची असते. त्या माणसाला आणखी चार ताटं करायला सांगून वाचवलेले पैसे मला बचत वाटत नाहीत. ते त्या माणसाकडून घेतलेलं कर्ज आहे.

जेवण मागवलं जातं ते बहुधा हौसेने नव्हे. संध्याकाळचे साडेसात, सगळे भुकेले, मुलं चिडचिडी, आणि काय करायचं ते ठरलेलं नाही. सगळ्यात जड असतं ते ठरवणं, चिरणं-शिजवणं त्यानंतर. म्हणून आठवड्याच्या सातही दिवसांचा बेत आखायच्या भानगडीत पडू नका, तो बुधवारपर्यंत मोडतो आणि अपराधी वाटायला लागतं. दोनच दिवसांचा बेत करा: आठवड्यातले जे दोन दिवस हमखास थकवणारे असतात त्यांचा. कोणते ते घरातल्या प्रत्येकाला पाठ असतं. त्या दिवसांसाठी पंधरा-वीस मिनिटांत होणारं, घरातल्या कोणालाही करता येईल असं एक साधं जेवण ठरवून ठेवा आणि त्याचं कोरडं सामान नेहमी घरात असू द्या. तांदूळ, अंडी, डबाबंद किंवा भिजवून गोठवलेली कडधान्यं, जे तुमच्याकडे खाल्लं जातं ते. मुद्दा 'कोणालाही' या शब्दात आहे. बारा-तेरा वर्षांचं मूल आणि स्वयंपाकाची सवय नसलेला मोठा माणूस, दोघांनाही ते यायला हवं.

ज्यांना रोज बारा तास राबावं लागतं, ज्यांच्याकडे चूल किंवा फ्रिजच धड नाही, त्यांना बाहेरचं साधं ताट खरोखर परवडणारं असू शकतं. तिथे हिशेब वेगळा निघतो, आणि तो तसा मान्य करावा.

मग बाहेर जायचंच नाही का?

जरूर जायचं. ठरवून, हौसेने बाहेर जेवायला जाणं आणि हात टेकले म्हणून मागवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत बाहेरच्या प्रत्येक जेवणापुढे एक खूण करा: हौस की नाइलाज. महिनाअखेर आमच्या घरी नाइलाजाच्या खुणा हौसेच्या दुपटीहून जास्त निघाल्या होत्या, आणि नाइलाजाच्या जेवणांपैकी एकाचीही चव कोणाला आठवत नव्हती. कापायचं ते तिथे. हौसेच्या जेवणाला हात लावला तर घरातला उत्साह जातो, आणि दोन महिन्यांत सगळी वहीच बंद पडते.

गेल्यावर खर्च आवरायचा असेल तर पेयांकडे बघा. त्यांच्यावर नफ्याचं प्रमाण सहसा सगळ्यात जास्त असतं. आणि उरलेलं बांधून आणायला संकोच नको.

'आमचं उत्पन्नच कमी आहे, त्याचं काय?'

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी 1857 मध्ये कुटुंबांच्या जमाखर्चावरून दाखवलं की कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. हा एंगेलचा नियम आजही देशोदेशी लागू पडतो. याचा अर्थ असा की भाव सारखेच वाढले तरी घाव सारखा बसत नाही. ज्याच्या खर्चातले 100 पैकी 20 अन्नावर जातात त्याला 10 टक्के दरवाढ 2 ला पडते. ज्याचे 60 जातात त्याला 6 ला.

शिवाय, हाती रोख कमी असली की छोटी पाकिटं घ्यावी लागतात, आणि त्यांचा किलोमागचा भाव अनेकदा जास्त असतो. म्हणजे कमी पैसेवाल्याला तीच वस्तू महाग मिळते. इथे वहीने फार काही सुटत नाही. दोन-तीन घरांनी मिळून मोठं पोतं घेऊन वाटून घेतलं तर फरक पडतो. पण ज्या घरात ताटंच कमी पडताहेत तिथे कोणी काटकसरीचं प्रवचन देऊ नये. तिथे लागतं ते जास्त उत्पन्न किंवा स्वस्त धान्याचा आधार.

वही किती दिवस लिहायची?

आयुष्यभर नाही. चार आठवडे पुरे. कमी नको, कारण तेल-तांदूळ महिन्यातून एकदाच भरले जातात आणि एका आठवड्याचा आकडा फसवतो. रोज रात्री तीनच गोष्टी लिहायच्या: आज बाहेरची ताटं किती, ती हौस की नाइलाज, आणि काय फेकलं. पैशांचे आकडे आठवड्यातून एकदा. लहान मुलाचं अर्धं ताट धरा. मधल्या वेळची कॉफी, खाऊ हे ताटांत मोजू नका, पण त्यांचा खर्च बाजूला नक्की लिहा. तो बहुतेकांना अनपेक्षित असतो.

'काय फेकलं' हा रकाना लिहिणं सगळ्यात जिवावर येतं, कारण तो दुसऱ्याला दोष दिल्यासारखा वाटतो. म्हणून त्यात नाव लिहायचं नाही, फक्त वस्तू. आमच्या चार आठवड्यांत पाव पाच वेळा आला. तेव्हापासून पाव अर्धा आणतो, आणि उरला तर त्याच दिवशी गोठवतो.